दाऊदभाईंचा ड्राफ्ट

दाऊदभाई, तुम्ही गेलात ह्यावरही मी आधी संशयच घेतला. सकाळी रफीकचा फोन आला, "साहेब, दाऊदभाय गुजरले. फजरच्या नमाजाआधी." तर मी त्याला काय विचारावं? "तुला कुणी सांगितलं?" तो बिचारा मग म्हणाला, "मी त्यांच्या उशाशीच बसलोय."

पाईपच्या कारखान्यात माल तपासण्याचं काम करून माझी ही गत झाली आहे. समोर धडधडीत आणून ठेवलं तरी आधी ठोकून बघायचं. तुम्ही म्हणायचात ना, "ह्या इंजिनेरला जन्नतच्या दारात उभा केला तर हा आधी दाराची बिजागरी बघेल." तेव्हा मला राग यायचा. आज तुमच्या खाबुऱ्याला गाडी हाणताना तेच आठवत होतं आणि राग कुणावर काढावा हे कळत नव्हतं.

निघताना मुलीने विचारलं, "बाबा, हू डाइड? तुमचे फ्रेंड?" ओमानातल्या मदिनत सुलतान काबूससारख्या साहेबी वस्तीत वाढलेली पोर, तिचं मराठी असंच अर्ध्यावर येऊन थांबतं. मी म्हटलं, "आमच्या टीमचे मॅनेजर. फुटबॉलचे." ती माझ्या पोटाकडे बघून हसली. "तुम्ही फुटबॉल? यू?" मला झोंबलं. मी तिथल्या तिथे सुनावलं, "अगं, पहिल्या ड्राफ्टमध्ये सगळ्यांत पहिलं नाव तुझ्या बापाचं घेतलं होतं त्यांनी!" हे मी तिच्या आईलाही शंभरदा ऐकवलेलं आहे. तेवढी एकच गोष्ट आहे माझ्याकडे बढाई मारण्यासारखी.

तो ड्राफ्ट आठवतो ना? तुमच्याशिवाय कुणाला आठवणार म्हणा. आमची रुसैलच्या कामगार कॅम्पची टीम म्हणजे आठ टीममध्ये आठवी, आणि नववी असती तर नववी. मोठ्या कंपन्या नवीन आलेले चांगले खेळाडू आधीच पळवायच्या म्हणून दरवर्षी भांडणं व्हायची. शेवटी समितीतल्या कुणाचा तरी मेहुणा अमेरिकेत होता, त्याने तिकडची पद्धत कळवली. नवीन खेळाडूंची एक यादी करायची, आणि जी टीम सगळ्यांत खाली तिने पहिलं नाव उचलायचं. म्हणजे हळूहळू सगळ्या टीम सारख्या होतात म्हणे. त्याच वर्षी आपल्या टीमचं कुणी मॅनेजर व्हायला तयार नव्हतं, आणि तुम्ही हात वर केलात. तुम्ही कॅम्प बॉस. कुणाला कुठली खोली, कुणाची रजा कधी, मेसमध्ये आज मासे की डाळ, हे सगळं बघणारा माणूस. फुटबॉलमधलं तुम्हाला काय कळतं, अशी माझी पहिली शंका.

ती मी गिळली, कारण मलबारी हॉटेलच्या मागच्या खोलीत यादी वाचली गेली आणि तुम्ही उभं राहून माझं नाव घेतलंत. यादीत ते कुणी घातलं होतं, देव जाणे. मी ओमानात येऊन जेमतेम चार महिने झाले होते. कालिकतकडचा एक तगडा गडी यादीत होता, सगळे त्याच्याकडे बघत होते. मी मनात म्हटलं, ह्या माणसाला पारख आहे. कॉलेजात मी राइट बॅक खेळलो होतो, हे ह्याला कुठून तरी कळलेलं दिसतंय. कॉलेजात मी दोनच सामने खेळलो होतो, त्यातला एक अर्धा, हे काही मी कुणाला सांगितलं नाही.

बस्स, तेवढी एक निवड सोडून तुमची एकही निवड माझ्या गळी उतरली नाही.

आधी तुम्ही कायतानला सोडलंत. आपला एकुलता एक गोल मारणारा माणूस! गोव्याचा तो काळा घोडा तुम्ही रुवीच्या टीमच्या हवाली केलात, आणि बदल्यात काय घेतलंत, तर पुढच्या दोन वर्षांत दरवर्षी त्यांच्या वाट्याचं पहिलं नाव उचलायचा हक्क. "आज उपाशी राहून परवाच्या जेवणाचं आमंत्रण घेतलंत," असं मी म्हटलं, तेव्हा तुम्ही हसलात. त्या वर्षी आम्ही परत आठवे आलो. मग त्या हक्काच्या नावांवर तुम्ही कुणाला आणलंत? करुणाकरनला. कॅम्पची बस चालवणारा, पंचेचाळिशीचा, धावताना चप्पल निघेल की काय अशा बेताने धावणारा. मी म्हटलं, ठीक आहे, बसची सोय झाली, त्यासाठी घेतला असेल. नंतर रफीकला आणलंत. काडीसारखा पोरगेला गडी, तोंडातून शब्द नाही, आणि चौकशी केली तर दापोलीचा. तुमच्या गावापासून दोन खाड्या पलीकडे!

मग काय, मला धागा सापडला. मी तुम्हाला गोलपोस्टपाशी गाठलं. तुम्ही फक्कीने रेषा मारत होतात.

"भाई, गाववाला म्हणून घेतलात ना?"

"गाववाला हाय, ता खरा."

"खेळता येतं त्याला?"

"नाय."

"मग?"

"शिकेल, इन्शाल्ला. तुला तरी कुठं येतंय?"

मी तीन दिवस तुमच्याशी बोललो नाही. चौथ्या दिवशी तुम्हीच मेसच्या दारातून मोठ्याने "जय भीम, इंजिनेर!" म्हणालात आणि मला हसू आलं, पण वहीत मी लिहून ठेवलं होतं. हो, वही ठेवली होती मी. प्रत्येकाच्या नावापुढे किती पास बरोबर, किती चूक, किती वेळा पडला. तुम्ही ती एकदा बघितलीत आणि म्हणालात, "खेळ पायानं खेळतात, इंजिनेर, वहीनं नाय."

आणखी एक गोष्ट मी तुम्हाला कधीच बोललो नाही. संध्याकाळी पाळी सुटली की कामगारांचे जेवणाचे डबे बसमधून परत यायचे. मेसच्या मागच्या ओट्यावर ते रचून ठेवायचे. तिथे तुम्ही एकेक डबा हातात घेऊन, वर-खाली करून, कधी झाकण उघडून बघत असायचात. मी दोन-तीनदा पाहिलं. मला वाटलं, मेसवाल्याशी तुमचं काहीतरी आहे. माणसांच्या तोंडचं किती वाचतं ते बघून उद्या कमी शिजवायला सांगत असणार. कुठेतरी पाणी मुरतंय, हे माझं त्या दिवसापासून पक्कं झालं. डाळ जरा पातळ लागली की मी तुमच्याकडे बघायचो.

तिसऱ्या वर्षी ते सगळं बाहेर पडलं. त्या वर्षी आपल्याकडे दोन नावं होती, एक आपलं, एक रुवीवाल्यांकडून आलेलं. आणि यादीत शाजी होता. दाऊदभाई, शाजी! सरावाला त्याला बघायला दुसऱ्या टीमची माणसं यायची. मी म्हटलं, दोन वर्षं मार खाल्ला तो ह्याच दिवसासाठी. आदल्या गुरुवारी मी कारखान्यातून निघालो, तर रुसैलच्या गोल चौकापाशी रुवीवाल्यांचा मॅनेजर कुरियन ह्याची पांढरी पिकअप उभी, आणि आत त्याच्या शेजारी तुम्ही. हातात चहाचे ग्लास. दोघं हसताय. मला बघून कुरियनने काच वर केली. तुम्ही हात केलात, पण काच वर गेली ती गेलीच.

दुसऱ्या दिवशी त्या मागच्या खोलीत तुम्ही उठून नाव घेतलंत जयप्रकाशचं. स्टोअरकीपर जयप्रकाश, जाड भिंगाचा चष्मा, मागून दोरीने बांधलेला! खोलीत हशा पिकला. दुसरं नाव एका सुताराचं, तोही कधी न खेळलेला. आणि पुढच्या टीमने उचललेला शाजी अदलाबदलीत तिथल्या तिथे गेला कुणाकडे? रुवीवाल्यांकडे.

मी उभा राहिलो. मी सगळ्यांसमोर, हिंदीत, म्हणजे कुणाचा समजण्यात घोटाळा नको, सांगितलं की ह्यात सौदा झालेला आहे, मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय, हा माणूस आपली टीम विकतोय. समितीचे अध्यक्ष म्हणाले, "दाऊदभाई, बोलिए." मला वाटलं तुम्ही चिडाल, मारायला धावाल. तुम्ही चिडला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि मराठीत म्हणालात, "इंजिनेरनं तपासून बाद केलंय ना? मग खलास." बॉलच्या कपाटाची किल्ली खिशातून काढून टेबलावर ठेवलीत आणि चपला शोधायला लागलात. दारात चपलांचा ढीग होता, तुम्हाला तुमची जोडी सापडेना. ती दोन मिनिटं मी तिथेच उभा होतो. मी एक शब्द बोलू शकलो असतो.

टीम माझ्याकडे आली. कॅप्टनही मीच, मॅनेजरही मीच. शाजी नाही म्हणून मी कपाळाला हात लावून बसलो होतो, पण एक गंमत झाली. ही तुमची रद्दी माणसं रोज संध्याकाळी मैदानावर हजर. एकही खाडा नाही. दुसऱ्या टीमवाले शुक्रवारी कॉर्निशला समुद्रावर फिरायला जायचे, सूकला बाजार करायला जायचे, फोनच्या रांगेत उभे राहायचे. आमच्यातला कुणी कुठे जायचाच नाही. करुणाकरन न सांगता गोलच्या जाळ्या शिवायचा. जिंकायला लागलो आम्ही, हळूहळू, रडतखडत. रोज्यांच्या महिन्यात सामने बंद, म्हणून समितीने अंतिम सामना ईदनंतरच्या शुक्रवारी ठेवला. त्या वर्षी नाताळ आणि ईद एकाच आठवड्यात आले होते, हे एकाच्याही ध्यानात आलं नाही. शाजी नाताळला घरी गेला. कायतान गोव्याला गेला. रुवीवाल्यांचे मलबारकडचे तिघे ईदला गेले. त्यांनी सात खेळाडू आणि एक हॉटेलातला आचारी असे मैदानात उतरवले. आपले अकराच्या अकरा हजर. जयप्रकाशच्या डोक्यावर बॉल आपटून गोल झाला, तो कुठे गेला हे त्याला दिसलंच नाही, आम्ही उचलून घेतलं तेव्हा समजलं.

कप मी उचलला. तुम्ही पाण्याच्या पिंपापाशी उभे होतात, पांढऱ्या ईदच्या कपड्यांत, टाळ्या वाजवत. मी बघितलं आणि बघितलं नाही असं केलं.

पुढच्या वर्षी तुम्ही नोकरी सोडून खाबुऱ्याला गेलात, तिथल्या एका अर्बाबबरोबर, म्हणजे ओमानी मालकाबरोबर, किराणा आणि मासळीच्या जाळ्यांचं दुकान टाकलंत. तिथे मी दोनदा आलो. पहिल्या वेळी खास ठरवून आलो होतो माफी मागायला. वाटेत, अल्लाशप्पथ म्हणायचात तुम्ही तसं, शप्पथ सांगतो, वाक्य जुळवत होतो. पण तेवढ्यात माझ्या डोक्यात उजेड पडलेला होता. आल्या आल्या मी म्हटलं, "भाई, पकडलं मी तुम्हाला! तुमच्या हातात रजेचा तक्ता होता. जे रजेवर जाणार नाहीत तेवढेच तुम्ही उचललेत. ईद, नाताळ, सगळा हिशोब आधीच. काय डोकं आहे हो तुमचं!" माफी राहिली बाजूला, मी तुमच्या चलाखीचं कौतुक करत बसलो. तुम्ही चहा ओतलात आणि म्हणालात, "बरा बाबा. तसा समज."

मला ते "तसा समज" खटकलं. म्हणून मी परत विचारलं, "आणि कुरियनच्या पिकअपमध्ये काय चाललं होतं?"

"अजून ता हाय होय डोक्यात?" तुम्ही म्हणालात, आणि एका गिऱ्हाइकाला दोरी मोजून द्यायला उठलात.

दाऊदभाई, ते अजून डोक्यात आहे. आज तुमच्या मातीला आलो तरी होतं. लाज वाटते सांगायला, पण तुमचा अर्बाब कबरीपाशी हुंदके देत होता आणि मी मनात म्हणत होतो, हा एवढा का रडतोय? सख्खा भाऊ गेल्यासारखा? चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते उगीच नाही. माती जवळजवळ टाकून झाली होती. रफीकने माझं मनगट धरून मला पुढे नेलं आणि म्हणाला, "टाका साहेब, तीन मुठी." मी टाकल्या. वाळूच होती सगळी, शिंपल्यांचे तुकडे होते तिच्यात.

नंतर आम्ही दोघं तुमच्या दुकानाच्या पायरीवर बसलो. रफीक आता सोहारला फोरमन आहे, अंगाने भरलाय, ओळखू येत नाही. मी आपलं चार शब्द बरं बोलावं म्हणून म्हटलं, "भाईंचं डोकं मात्र तल्लख. रजेचा तक्ता बघून टीम बांधली."

रफीक माझ्याकडे वळला. "रजेचा तक्ता? साहेब, तुमाला खरंच ठावं नाय?"

"काय?"

"डबे."

मग त्याने सांगितलं. तो ओमानात आला आणि पहिल्याच महिन्यात त्याची आई गेली. नवीन माणूस, रजा नाही, पासपोर्ट कंपनीकडे. तो कुणाशी काही बोलला नाही. रोज कामावर जायचा, डबा न्यायचा आणि तसाच भरलेला परत आणायचा. "अकरा दिवस, साहेब. बाराव्या दिवशी दाऊदभाय माझा डबा हातात घेऊन खोलीत आले. बोलले, रफीक, उद्यापासून ग्राउंडवर यायचा. आपल्याला माणूस कमी हाय. मी बोललो, मी कधी खेळलो नाय. तर बोलले, म्हणूनच."

"आणि करुणाकरन?"

"त्याची बायको पोरांना घेऊन गेली होती. पत्र बंद. तो रिकामी बस घेऊन फिरायचा शुक्रवारी."

"जयप्रकाश?"

"त्याचा तर डबा उघडायलाच नको, उचलला की कळायचं, असं बोलायचे दाऊदभाय. यादीत नावं तेच घालायचे आमची. कुणाला सांगायचा नाय, बोलले. दया केली असा वाटला तर माणूस जेवत नाय."

रजेवर कुणी गेलं नाही, कारण जायला कुणाकडे काही नव्हतं. माझा तक्ता बरोबर होता हो, दाऊदभाई, फक्त तो का बरोबर होता हे मला कळलं नव्हतं. शाजीचा डबा रोज चाटूनपुसून रिकामा येत असणार. त्याला तुमची काय गरज? आणि मी भर सभेत तुम्हाला विकाऊ म्हटलं, हिंदीत, सगळ्यांना समजावं म्हणून.

मी रफीकला विचारलं, "मग कुरियनची पिकअप?" तो म्हणाला, "ता काय आपल्याला म्हायीत नाय." ते कोडं तुम्ही बरोबर घेऊन गेलात. खरं सांगू? अजूनही थोडी शंका आहे मला. तुम्ही असतात तर आत्ता हसला असतात.

निघताना रफीकने तुमच्या घरातून जेवण बांधून दिलं. वहिनींनी सांगितलं म्हणे, इंजिनेर लांबून आलाय, उपाशी धाडू नका. दुःखाच्या घरचं अन्न, नको म्हणवेना. ते शेजारच्या सीटवर ठेवून मी बटिनाच्या रस्त्याने परत निघालो. सुवैकच्या अलीकडे ऊन उतरायला लागलं तसं माझ्या डोक्यात एक गोष्ट हळूहळू वर यायला लागली, आणि मी गाडी बाजूला घेऊन थांबवली.

मी एप्रिलमध्ये ओमानात आलो. मे महिन्यात औरंगाबादला अण्णा गेले, माझे वडील. सहा महिने रजा नाही, असं करारात होतं. मी गेलो नाही. थोरल्या भावाने अग्नी दिला, मला आठ दिवसांनी पत्र आलं. मी कॅम्पात कुणालाही सांगितलं नाही. शुक्रवारी मी भिंतीकडे तोंड करून पडून असायचो, आणि त्या दिवसांत मी काय खाल्लं, खाल्लं की नाही, हे मला आज आठवत नाही. ऑगस्टमध्ये त्या मागच्या खोलीत तुम्ही उठून पहिलं नाव माझं घेतलंत.

दाऊदभाई, मी तुमच्या प्रत्येक निवडीचा संशय घेतला. करुणाकरनचा घेतला, रफीकचा घेतला, जयप्रकाशचा घेतला. ह्या एका निवडीचा कधी घेतला नाही. इतकी वर्षं मी बायकोला, पोरीला ऐकवतोय, पहिलं नाव माझं, पहिलं नाव माझं.

मला माफ करा. हे वाक्य मी खाबुऱ्याच्या रस्त्यावर तेव्हाच जुळवून ठेवलं होतं, तेच आज देतोय. आणि एकच सांगा, शंका म्हणून नाही विचारत. त्या ऑगस्टमध्ये माझा डबा किती जड लागला होता तुमच्या हाताला?